पेन ड्राइव्हला लाल दोरा

(सामुदायिक रेडिओवरून सादर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. मागे याच कार्यक्रमात आम्ही पापड-शेवयांच्या हिशोबावर बोललो होतो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं होतं की तुम्ही हिशोब वहीत ठेवता की संगणकात. उत्तर तेव्हाच द्यायचं होतं, पण ते जरा लांब आहे, आणि त्यात आमची एक चूकही आहे. म्हणून आज वेळ मागून घेतला. आजचा विषय आहे संगणकातला व्हायरस, आणि त्यापासून गटाचा संगणक कसा सांभाळायचा.

आता काही जणी म्हणतील, हा विषय पोरांचा, आपल्याला काय करायचं? पण विचार करा. आपल्या गटाची बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचं कर्ज, सदस्यांच्या आधारच्या प्रती, पासबुकाचे फोटो, बैठकीचं इतिवृत्त, हे सगळं आता कुठे ना कुठे संगणकात जातंच आहे. ज्या पेटीत आपला पैसा आहे त्या पेटीचं कुलूप आपल्याला लावता यायला नको का?

आधी आमची गोष्ट सांगतो.

आमच्या ग्रामसंघाने वापरलेला एक संगणक विकत घेतला. सचिव ताईंची मुलगी एमएस-सीआयटी झालेली. तिने एक्सेलमध्ये प्रत्येक गटाचं छान पान करून दिलं. बचतीचा आकडा टाकला की बेरीज आपोआप, हप्ता टाकला की बाकी आपोआप. आम्हाला फार कौतुक वाटलं. वर्षभर आम्ही वहीतही लिहिलं आणि संगणकातही भरलं. मग एप्रिल उजाडला, नवीन आर्थिक वर्ष लागलं, आणि आम्ही ठरवलं की दोनदा लिहायचा कुटाणा आता पुरे. वही बंद. आमच्यातल्या एक वयस्कर मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, "लाइट गेल्यावर तुमचा हिशोब कुठं जातो वं?" आम्ही हसलो.

जूनचे दिवस होते. पेरणी तोंडावर, सोयाबीनचं बियाणं आणि खत घ्यायचं, प्रत्येक घरात पैशाची ओढ. गटांचे कर्जाचे प्रस्ताव बँकेत द्यायचे होते. एका शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही झेरॉक्सच्या दुकानात गेलो, कागद छापून आणले. सोमवारी तोच पेन ड्राइव्ह आपल्या संगणकाला लावला. आतली सगळी फोल्डरं दिसत होती, फक्त प्रत्येकाच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आला होता. एकावर दाबलं, फाइल उघडली. आम्ही काम केलं, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर संगणकातल्याही फोल्डरांना तसेच बाण. तिसऱ्या दिवशी दाबलं तर काहीच उघडेना.

घाबरलो. बँकेचे साहेब गुरुवारी येणार होते. संगणकाचं जाणतो असा एक जण बोलावला. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "व्हायरस आहे, फाइली गेल्या, फॉरमॅट मारावं लागेल." आम्ही हो म्हणालो. त्याने संगणक पुसला, विंडोज नव्याने टाकलं, पेन ड्राइव्हही पुसला. व्हायरस गेला. त्याच्याबरोबर एप्रिलपासूनचा चौदा गटांचा हिशोबही गेला.

त्यानंतरचे चार दिवस आम्ही विसरणार नाही. सदस्यांची पासबुकं गोळा केली, बँकेच्या भरणा पावत्या काढल्या, संध्याकाळी चुली आटोपल्या की समाजमंदिरात बसायचं आणि एकेक आकडा जुळवायचा. जवळपास सगळं जुळलं. एक आकडा जुळेना. आमच्यातल्या एका बाईचा बाराशे रुपयांचा हप्ता. ती म्हणे, मी मे महिन्याच्या बैठकीत रोख दिला. तिच्या पासबुकात नोंद नव्हती, कारण त्या दिवशी उशीर झाला म्हणून "संगणकात भरते, पासबुक नंतर लिहू" असं ठरलं होतं. संगणक तर पुसलेला. कुणालाच नक्की आठवेना. कुणी तिला खोटं म्हणालं नाही, पण खरंही म्हणालं नाही. ती रोजमजुरी करणारी बाई. तीन संध्याकाळ ती कोपऱ्यात बसून राहिली.

चौथ्या दिवशी एकीला आठवलं, की त्या बैठकीत लाइट गेली होती आणि मोबाइलच्या उजेडात नोटा मोजल्या होत्या. मग त्या तारखेनंतरची बँकेची भरणा पावती पाहिली. बाकीच्या सगळ्या जणींच्या रकमेच्या बेरजेपेक्षा पावतीवर बरोबर बाराशे जास्त होते. तिचा हप्ता सापडला. आम्ही सगळ्यांनी तिची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "पैसे भेटले माय, पण चार दिवस मी खोटी होते, ते कोणत्या कॉम्प्युटरात लिहिता?"

मैत्रिणींनो, म्हणून आज हे बोलतोय. गटाचा हिशोब म्हणजे बाईची पत असते. ती गेली की पैसे परत मिळूनही भागत नाही.

पुढे तालुक्याच्या प्रशिक्षणात आम्ही हा किस्सा सांगितला. प्रशिक्षकांनी विचारलं, "फोल्डरवर बाण आला होता ना? मग तुमच्या फाइली कुठेच गेल्या नव्हत्या. त्या तिथेच होत्या, लपवलेल्या." ऐकून आमच्या पोटात खड्डा पडला. घरात उंदीर शिरला म्हणून आम्ही धान्याची कोठीच पेटवली होती.

तर हा व्हायरस म्हणजे आहे तरी काय? संगणकाला काम सांगणारी जी लिखित आज्ञा असते तिला प्रोग्राम म्हणतात. एक्सेल हा प्रोग्राम, गाणी वाजवणारा तोही प्रोग्राम. व्हायरस हाही माणसानेच लिहिलेला प्रोग्राम, फक्त त्याचं काम वाईट. स्वतःची नक्कल करायची आणि एका संगणकातून दुसऱ्यात जायचं. तो धुळीने, ओलीने किंवा संगणक जुना झाल्याने आपोआप तयार होत नाही. गव्हात एक सोंडा पडला की पोतंभर होतात, तसा तो पसरतो, पण पहिला सोंडा कुणीतरी आणावाच लागतो. बहुतेक वेळा तो आपण आपल्याच हाताने आणतो.

हे आजचंही नाही. घरगुती संगणकांत पसरलेल्या सुरुवातीच्या मोठ्या व्हायरसांपैकी एक १९८६ सालचा, 'ब्रेन' नावाचा. तो पाकिस्तानात लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना धडा शिकवावा म्हणून लिहिला असं त्यांनी सांगितलं, आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरसुद्धा घातला. तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतं. हा व्हायरस फ्लॉपीवरून, म्हणजे हातोहात, लाहोरहून थेट अमेरिकेपर्यंत पोचला. फ्लॉपी गेली, तिच्या जागी पेन ड्राइव्ह आला. हातोहात जाण्याची रीत तीच राहिली.

आणि व्हायरस लिहिणारे जसे दोन भाऊ, तसे तो काढणारे आपल्याकडचे दोन भाऊ आहेत. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर. दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीचं काम करू लागले. त्यांचे धाकटे भाऊ संजय संगणक शिकले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस फार सापडू लागले, तेव्हा संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले. १९९० च्या दशकात त्यातूनच 'क्विक हील' हे अँटीव्हायरस उभं राहिलं. तेच घ्या असं सांगण्यासाठी आम्ही नाव घेत नाही. दहावीपर्यंत शिकलेला कारागीर या धंद्यात एवढा पुढे गेला, तर आपणही या यंत्राला भिऊन लांब बसायचं कारण नाही, एवढंच म्हणायचं आहे.

आता आमच्याकडे आलेल्या पाहुण्याकडे वळू. त्याला बोलीभाषेत 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. तो पेन ड्राइव्हमध्ये शिरला की खऱ्या फाइली आणि फोल्डर लपवतो आणि त्यांच्याच नावाचे खोटे दरवाजे ठेवतो. कोपऱ्यातला बाण ही त्या खोट्या दरवाजाची खूण. आपण दाबलं की आधी व्हायरस संगणकात शिरतो आणि मग तो आपली खरी फाइलही उघडून देतो, म्हणजे आपल्याला संशय यायला नको. म्हणूनच पहिल्या दिवशी आमची फाइल उघडली होती.

असं झालं तर काय करायचं? पहिलं, बाण असलेल्या कशावरही दाबायचं नाही. दुसरं, त्या संगणकाला दुसरा कोणताही पेन ड्राइव्ह लावायचा नाही आणि इंटरनेट बंद करायचं. तिसरं, अँटीव्हायरसने पूर्ण संगणक आणि पेन ड्राइव्ह तपासायचा, म्हणजे 'फुल स्कॅन'. त्याला तास-दोन तासही लागतात, मधेच बंद करायचं नाही. व्हायरस निघाला तरी फाइली लपलेल्याच राहतात. मग फोल्डरच्या वर 'व्ह्यू' असतं, तिथे 'हिडन आयटम्स' समोर खूण केली की लपलेल्या फाइली फिकट रंगात दिसतात. काही व्हायरस त्याहून खोल लपवतात, तेव्हा जाणकाराकडून करून घ्या. पण त्याला सांगा, आधी माझ्या फाइली दाखव, त्या दुसरीकडे काढून ठेव, मग फॉरमॅटचं बोल. फॉरमॅट कधी कधी लागतंच, पण ते शेवटी. आणि चुकून झालंच, तर त्या संगणकात किंवा पेन ड्राइव्हमध्ये नवीन काही साठवू नका. पुसलेल्या जागेवर नवीन लिहिलं गेलं नाही तोवर जुन्या फाइली परत मिळण्याची आशा असते. आम्ही तर लगेच नवीन विंडोज टाकून ती आशाही घालवली.

आता आम्ही काय पाळतो ते सांगतो. पाचच गोष्टी आहेत. लिहून घ्यायच्या तर वही-पेन घ्या.

पहिली गोष्ट, लाल दोरा. आमच्याकडे आता वेगवेगळे पेन ड्राइव्ह आहेत. एकाला लाल दोरा बांधलाय. बाहेर, म्हणजे झेरॉक्सवर, बँकेत, पंचायत समितीत, फक्त तोच जातो. त्यात जेवढं छापायचं तेवढंच घालायचं, तेही पीडीएफ करून. चौदा गटांची सगळी फोल्डरं त्यात न्यायची नाहीत. परत आला की तो लावायचा, पण उघडायचा नाही. त्याच्या नावावर माउसचं उजवं बटन दाबलं की 'स्कॅन' असा पर्याय येतो. आधी स्कॅन, मग उघडणं. बाहेरून आलेला माणूस पाय धुऊन घरात येतो तसं. आणि दुकानातल्या संगणकावर आपली फाइल उतरवून छापली असेल, तर निघताना ती पुसायला सांगायची, रीसायकल बिनमधूनही. आपल्या बायांची आधार आणि पासबुकं तिथे पडून राहता कामा नयेत. तिथे व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर तेही लॉग आउट करून यायचं.

दुसरी गोष्ट, राखणदार जागा आहे का ते पाहणं. विंडोजमध्ये 'डिफेंडर' नावाचं अँटीव्हायरस आधीपासून असतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आमच्या जुन्या संगणकात कुणीतरी दुसरं अँटीव्हायरस टाकलं होतं, त्याची मुदत केव्हाच संपलेली. म्हणजे दारात राखणदार बसवलेला, पण झोपलेला. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. तिथे हिरवी खूण असली तर ठीक. लाल किंवा पिवळी असली तर काय म्हणतंय ते वाचा. विकतचं घेतलं असेल तर मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा, जसं गॅसची टाकी लावली की आपण तारीख लिहितो. एका संगणकात दोन अँटीव्हायरस टाकू नका, ते एकमेकांनाच अडवतात आणि संगणक मंदावतो.

तिसरी गोष्ट, अपडेट. संगणक बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' दिसलं की आपण वैतागतो, कारण वेळ लागतो. पण त्याची गोष्ट ऐका. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगात सुटला. तो फाइलींना कुलूप लावायचा आणि उघडायचे पैसे मागायचा. अशा खंडणीखोर व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात. काही दिवसांत तो सुमारे दीडशे देशांत पोचला. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. आणि गंमत म्हणा की दुःख, ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी मार्च महिन्यातच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं त्यांचं दार बंद होतं. ज्यांनी "नंतर करू" म्हटलं त्यांचं उघडं राहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये आणखी एक असाच व्हायरस आला आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कंटेनर चढवणं-उतरवणं थांबलं. म्हणजे हे काही परदेशातलंच नाही.

अपडेटच्या बाबतीत आणखी एक. विंडोज ७ ची अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाली. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. गटासाठी जुना संगणक घेत असाल तर स्वस्त मिळतोय म्हणून लगेच पैसे देऊ नका. त्यात कोणतं विंडोज आहे आणि पुढचं विंडोज ११ त्यावर चालेल का, हे विचारूनच घ्या. आणि चोरीचं, 'क्रॅक' केलेलं विंडोज किंवा ऑफिस टाकून घेऊ नका. फुकट मिळतं खरं, पण क्रॅक करणाऱ्याने कुलूप तोडताना स्वतःसाठी मागचं दार ठेवलेलं असू शकतं. लिहायला आणि हिशोबाला 'लिबरऑफिस' नावाचं सॉफ्टवेअर कायदेशीरपणे मोफत मिळतं. मराठीही चालतं त्यात.

चौथी गोष्ट, अनोळखी फाइल. ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर काहीही येतं. 'तुमचं बिल', 'अनुदानाची यादी', 'कर्ज मंजूर'. फाइलच्या नावाचा शेवट पाहायची सवय लावा. शेवटी 'ईएक्सई' असेल तर तो कागद नाही, प्रोग्राम आहे. कधी नाव असं असतं की मधे पीडीएफ आणि शेवटी ईएक्सई, म्हणजे साडी नेसून आलेला चोर. वर्डची किंवा एक्सेलची फाइल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येऊन 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगत असेल आणि पाठवणारा ओळखीचा नसेल, तर दाबू नका. ओळखीचा असला तरी फोन करून विचारा, "ताई, तुम्हीच पाठवली का?" फोनला एक मिनिट लागतं.

हेच मोबाइललाही लागू आहे. मोबाइलमध्ये शेवटी 'एपीके' असलेली फाइल म्हणजे प्रोग्राम. आजकाल लग्नाची पत्रिका म्हणून, गाडीच्या दंडाचं चलन म्हणून, किसान योजनेची यादी म्हणून अशा एपीके फाइली फिरतात. लग्नपत्रिका कधी एपीके नसते, मैत्रिणींनो. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके दाबली, इन्स्टॉल केली आणि परवानग्या दिल्या, की आपले मेसेज, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा, चोराला दिसू शकतो. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्या माणसाचा मोबाइल आधीच चोराच्या ताब्यात असू शकतो.

आणि कधी संगणकाच्या पडद्यावर एकदम मोठा लाल इशारा येतो, भोंगा वाजतो, "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा." तो इशारा खोटा असतो. खरं अँटीव्हायरस कधी फोन करायला सांगत नाही. फोन करू नका, कुणी सांगितलेलं अॅप टाकून आपला पडदा त्याला दाखवू नका. ती खिडकी बंद करा, बंद होत नसेल तर सरळ संगणक बंद करा.

आता पाचवी गोष्ट. पहिल्या चार विसरलात तरी ही विसरू नका. हिशोबाची प्रत दुसऱ्या जागी ठेवा.

बियाणं आपण कसं ठेवतो? खायचं धान्य कोठीत, आणि पेरायचं बियाणं वेगळं, कडुनिंबाचा पाला घालून, कुणी हात लावणार नाही अशा जागी. कोठीला कीड लागली तरी पुढच्या वर्षीची पेरणी चुकत नाही. संगणकातला हिशोब तसाच. कितीही काळजी घ्या, एखाद्या दिवशी व्हायरस येऊ शकतो, हार्ड डिस्क जळू शकते, संगणक चोरीला जाऊ शकतो. त्या दिवशी आपल्याकडे बियाणं हवं.

याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे ज्याला आपण एमआयडीसी म्हणतो, त्यांच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मुंबईचं मुख्य कार्यालय आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं काम अडकलं. पण महामंडळाने सांगितलं की माहितीच्या प्रती वेगळ्या जाळ्यावर ठेवलेल्या आहेत आणि त्या सुरक्षित आहेत. एवढ्या मोठ्या संस्थेला जे उपयोगी पडलं तेच आपल्या चौदा गटांनाही उपयोगी पडतं. खर्च दोन पेन ड्राइव्हचा.

आम्ही असं करतो. दर शनिवारी हिशोब भरून झाला की त्याची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. हे पेन ड्राइव्ह दोन आहेत, एकाला हिरवा दोरा, एकाला पिवळा. एका शनिवारी हिरवा, पुढच्या शनिवारी पिवळा. हिरवा अध्यक्ष ताईंच्या घरी, पिवळा कोषाध्यक्ष ताईंच्या घरी, देवघराच्या कपाटात. प्रत घेतली की काढून घ्यायचा, संगणकाला लावून ठेवायचा नाही. कारण रॅन्समवेअर आला तर जोडलेल्या पेन ड्राइव्हलाही कुलूप लावतो. दोन कशासाठी? एखाद्या आठवड्यात चुकून बिघडलेल्याच फाइलीची प्रत घेतली गेली, तरी आधीच्या आठवड्याची दुसऱ्यात शाबूत असते. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहतो, कारण न उघडलेल्या डब्यात तिखट आहे की नुसता डबा, ते कळत नाही. शिवाय महिन्याची एक प्रत गटाच्या ईमेल खात्यातल्या ड्राइव्हवर चढवतो. त्या खात्याचा पासवर्ड दोघींनाच माहीत आहे.

आणि हो, वही. वही परत सुरू केली. बैठकीत पैसे मोजले की त्याच क्षणी वहीत आणि सदस्याच्या पासबुकात नोंद, सही. संगणकात नंतर. "पासबुक नंतर लिहू" हे वाक्य आमच्या ग्रामसंघात आता कुणी बोलत नाही. ज्या मावशीला आम्ही हसलो होतो, त्यांनीच वहीला नवीन पुठ्ठा घातला.

शेवटी एक. एवढं करूनही फसवणूक झाली, बँकेतून पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, लगेच लावा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे मधेच थांबवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही करता येते. बँकेलाही त्याच वेळी कळवा. आणि घरात कुणी "तूच दाबलं असशील" म्हणालं तरी नंबर लावायला थांबू नका. दाबलं असेल, चुकलं असेल. चोरी चोराने केलीय.

आमच्याकडे आता संगणकावर बसणाऱ्या चौघी आहेत. बाराशेचा हप्ता भरलेली ती बाई त्यातली एक. तिला आधी माउस धरता येत नव्हता. ती म्हणाली, मला शिकवा, माझा आकडा मी स्वतः भरणार. आता दर शनिवारी दोऱ्याचा रंग तीच तपासते, आणि लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह कुणी स्कॅन न करता लावायला गेली, तर मागून आवाज येतो, "थांब वं बाई, पाय धुतले का त्याचे?"

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम. येत्या बैठकीत तीनच प्रश्न विचारा. आपल्या हिशोबाची दुसरी प्रत कुठे आहे? ती शेवटची कधी घेतली? आणि ती उघडते का? तिन्हींची उत्तरं नसतील तर त्याच दिवशी एक पेन ड्राइव्ह आणा, त्याला दोरा बांधा आणि सुरुवात करा.

तुमचे अनुभव, अडचणी या कार्यक्रमाला जरूर कळवा.